माटुंग्याची टाकी आणि गावाचे सांडपाणी

'शीव' या शब्दाचा अर्थ वेस, सीमा. मुंबई बेटाची उत्तरेकडची हद्द जिथे संपत असे, तिथले हे गाव आणि खाडीच्या अंगाला वसलेला त्याचा कोळीवाडा. आज शीव कोळीवाडा म्हटले की गुरू तेग बहादूर नगरचे स्टेशन, फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आणि दाटीवाटीची वस्ती डोळ्यांपुढे येते. एकोणिसावे शतक संपत आले होते तेव्हा मात्र शीव, माटुंगा, वडाळा ही भातखाचरे आणि मिठागरे यांच्या मधली खेडी होती. दक्षिणेकडच्या शहराचे मैलापाणी गटारांतून वरळीच्या लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशनकडे जात असे. ही गटारे या खेड्यांपर्यंत पोहोचलेली नव्हती. मुंबईतील सुधारणांसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये; दादर-माटुंग्याची आखीव वसाहत त्याच्याही नंतरची.

या खेडवळ भागात १८९० मध्ये निराधार कुष्ठरुग्णांसाठी एक आश्रम सुरू झाला. त्यासाठी पुढाकार घेणारे महापालिका आयुक्त होते हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये ते छापणारे ॲक्वर्थ ते हेच. त्यांच्या नावाचे कुष्ठरोग रुग्णालय आजही वडाळ्याला आहे. त्या वेळच्या लेखनात या जागेचा उल्लेख 'माटुंगा' असाच येतो.

काही शे माणसे एका आवारात कायम राहणार, गटार जवळपास नाही, आणि आसपास खेडी व विहिरी. अशा ठिकाणी मैलापाण्याचे करायचे काय? हा प्रश्न आज महाराष्ट्रातल्या हजारो गावांपुढे, आश्रमशाळांपुढे आणि वसतिगृहांपुढे आहे. माटुंग्याला त्यावर एक उत्तर शोधले गेले. मैलापाणी बंद टाक्यांत साठवायचे, तिथे निर्माण होणारा वायू गोळा करायचा आणि त्यावर इंजिन चालवायचे. सांडपाणी-शास्त्राच्या ग्रंथांत याची नोंद १८९७ या सालाखाली येते. आवारात मैलापाण्यावरची शेतीही होती.

एका सनाची गोष्ट

बायोगॅसवरच्या अनेक पुस्तकांत 'जगातले पहिले संयंत्र १८५९ साली मुंबईच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत उभारले गेले' असे वाक्य आढळते. माटुंग्याचा आश्रमच १८९० चा असल्याने त्याच्या टाकीला हा सन लागू पडू शकत नाही. पण वाक्य एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिले. छापील माहितीसुद्धा दुसऱ्या माहितीशी ताडून का पाहायची, हे विद्यार्थ्यांना सांगायला हे चांगले उदाहरण आहे.

पहिलेपणाचा मान सोडला तरी माटुंग्याच्या टाकीचे महत्त्व कमी होत नाही. फ्रान्समध्ये लुई मुरास यांनी बंद मलकुंडाचे पेटंट १८८१ मध्ये घेतले होते. इंग्लंडमधील एक्सेटर गावी डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ मध्ये मैलापाण्यासाठी बंद टाकी बांधली, तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले आणि तिच्यातल्या वायूवर दिवेही लावले. म्हणजे जगात जे नुकतेच सुरू झाले होते, ते दोनच वर्षांत शीव-माटुंग्याच्या परिसरात प्रत्यक्ष कामाला लावले गेले होते.

सांडपाण्यात असते काय?

घरगुती सांडपाण्यात सुमारे ९९.९ टक्के पाणीच असते. उरलेल्या ०.१ टक्क्यात मैला, अन्नाचे कण, तेल, साबण, क्षार आणि असंख्य सूक्ष्मजीव. एवढ्याशा घाणीने नदी किंवा खाडी का बिघडावी? याचे उत्तर ऑक्सिजनच्या हिशेबात आहे.

पाण्यात गेलेले सेंद्रिय पदार्थ हे जीवाणूंचे अन्न. ते खाताना जीवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. किती वापरतात याच्या मापाला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी किंवा बीओडी म्हणतात. आपल्याकडे एका माणसामागे दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम ऑक्सिजन लागेल इतकी घाण सांडपाण्यात जाते. आता दुसरी बाजू पाहू. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. ४५ ग्रॅम म्हणजे ४५,००० मिलिग्रॅम. त्याला साडेसातने भागले की उत्तर येते ६,००० लिटर.

याचा अर्थ असा, की एका माणसाचे एका दिवसाचे सांडपाणी सहा हजार लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकते. ५०० वस्तीच्या गावाचा हिशेब रोज ३० लाख लिटर. उन्हाळ्यात ओढ्याला जेमतेम धार असते. त्या ओढ्यात गावाचे गटार सोडले तर मासे का मरतात आणि पाणी काळे का पडते, हे या एका भागाकारातून समजते. हवेतून नवा ऑक्सिजन पाण्यात मिसळत असतो, पण तो सावकाश.

बंद टाकीतली कामाची वाटणी

आता टाकीत काय होते ते पाहू. पाणी टाकीत साधारण एक ते दोन दिवस थांबते. जड कण तळाशी बसतात, तेलकट पदार्थ वर तरंगून साय धरतात आणि मधले पाणी पुढे जाते. हे झाले भौतिक काम. खरी रासायनिक उलाढाल तळाच्या गाळात चालते, आणि तिथे ऑक्सिजन अजिबात नसतो.

ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या, म्हणजे अवायुजीवी सूक्ष्मजीवांच्या तिथे जणू पंगतीच बसतात. एकीचे उष्टे ते दुसरीचे जेवण. पहिली पंगत पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ यांचे मोठे रेणू पाण्याच्या साहाय्याने तोडून शर्करा, अमिनो आम्ले आणि मेदाम्ले करते. दुसरी त्यांचे आंबवण करून ब्युटिरिक, प्रोपिऑनिक अशी आम्ले बनवते. तिसरी या आम्लांपासून ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. शेवटची पंगत या तिन्हींपासून मिथेन बनवते. मिथेन बनवणारे हे सूक्ष्मजीव नेहमीचे जीवाणू नव्हेत. कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की ते जीवसृष्टीच्या एका वेगळ्याच शाखेचे सदस्य आहेत. आज त्या शाखेला आर्किया म्हणतात.

शेवटच्या पंगतीचे हे सूक्ष्मजीव फार सावकाश वाढतात आणि आम्लता त्यांना सोसत नाही. आधीच्या पंगतींनी आम्ले भराभर केली आणि मिथेनवाले मागे पडले, तर टाकी आंबते, वायू बंद होतो आणि दुर्गंधी सुटते. फिनाइल, ॲसिड यांचा मारा शौचालयात केला तरी पहिला बळी यांचाच जातो. ३० ते ३५ अंश तापमान त्यांना मानवते. एक्सेटरच्या थंडीपेक्षा मुंबईची उबदार हवा या कामाला अनुकूल होती. जे आपल्या हवामानात फुकट मिळते, त्यासाठी थंड देशांत टाक्या तापवाव्या लागतात.

टाकीतून येणाऱ्या वायूत साधारण ६० ते ६५ टक्के मिथेन असतो. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि अल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड. माणशी रोज २५ ते ३० लिटर बायोगॅस मिळतो असे धरतात. यावरून माटुंग्याच्या प्रयोगाचा अंदाज आपल्याला आजच्या आकड्यांनी करता येईल. समजा, ३०० माणसांचा वायू पूर्ण गोळा झाला. तो झाला रोज सुमारे ८ घनमीटर. एका घनमीटरमध्ये अंदाजे ६ युनिट उष्णता असते, म्हणजे एकूण ४८ युनिट. जुन्या इंजिनाची कार्यक्षमता १५ टक्के धरली तर ७ युनिट काम मिळते. एक अश्वशक्ती म्हणजे पाऊण किलोवॅट. त्या शक्तीचा पंप यावर रोज नऊ-दहा तास चालेल. मैलापाण्याच्या वायूवर इंजिन चालवण्यात काही जादू नव्हती, हे या हिशेबावरून पटावे.

टाकी अर्धेच काम करते

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. 'आमच्याकडे सेप्टिक टाकी आहे' म्हणजे सांडपाण्याची व्यवस्था झाली, असे आपण समजतो. टाकीत बीओडी साधारण ३० ते ५० टक्क्यांनी कमी होते. निम्मी किंवा त्याहून अधिक घाण बाहेर पडणाऱ्या पाण्यात शिल्लक असते. अमोनिया जवळपास तेवढाच राहतो, आणि कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांचे रोगकारक सूक्ष्मजीव त्या पाण्यात जिवंत असू शकतात. पाणी वरून नितळ दिसते एवढेच.

म्हणून टाकीनंतर दुसरा टप्पा हवा, आणि त्या टप्प्यात ऑक्सिजन हवा. माटुंग्याला मैलापाण्याच्या शेतीची जी जमीन होती, तिचे महत्त्व इथे आहे. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. त्या कणांवर वायुजीवी जीवाणूंचा पातळ थर जमतो आणि उरलेले सेंद्रिय पदार्थ तो खाऊन टाकतो. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हे जीवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, आणि ते पिकाला खत म्हणून मिळते. मात्र अशा पाण्यावर काय पिकवायचे याला मर्यादा आहेत. गवत, झाडे चालतील. कच्ची खायची भाजी नव्हे.

आज हेच काम बंदिस्त जागेत करायचे असेल तर खडी-वाळूच्या उथळ वाफ्यात कर्दळ, पाणकणीस किंवा बोरू लावतात आणि टाकीचे पाणी त्यातून हळूहळू झिरपू देतात. झाडे पाणी शुद्ध करतात असे आपण म्हणतो, पण मुख्य काम खडीवर आणि मुळांवर जमलेल्या जीवाणूंचे असते. मुळे त्यांना आसरा आणि थोडा ऑक्सिजन देतात.

जशी जमीन तसा उपाय

महाराष्ट्रात या विषयाचा पाठपुरावा करणारी माणसे होऊन गेली. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४ ते १९७१) यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणाऱ्या संडासांवर काम केले. मैला वाहून नेण्याचे काम एका जातीच्या डोक्यावर लादले जाऊ नये, हा त्यामागचा आग्रह होता. पुणे जिल्ह्यातील देहू येथे १९६० च्या आसपास सरकारी डॉक्टर म्हणून आलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी तेच गाव आपली प्रयोगशाळा केले. घरोघरी शौचालये व्हावीत म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि शौचालयाला जोडलेले 'मलप्रभा' बायोगॅस संयंत्र विकसित केले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घराघरांतले न्हाणीघर-मोरीचे पाणी शोषखड्ड्यांत जिरवून उघडी गटारे आणि डास हटवले. पुढे तो 'नांदेड पॅटर्न' म्हणून ओळखला गेला.

पण एका गावाचा उपाय जसाच्या तसा दुसरीकडे नेता येत नाही. मुरमाड जमिनीत शोषखड्डा छान चालतो. काळ्या चिकण मातीत पाणी जिरतच नाही, तिथे वाफ्याची पद्धत बरी. कोकणातल्या जांभ्यात पाणी इतक्या झटकन खाली जाते की शुद्ध व्हायला वेळच मिळत नाही, आणि खालच्या अंगाची विहीर बिघडते. विहीर आणि शोषखड्डा यांत किमान १५ मीटर अंतर ठेवावे असे सांगतात. जांभ्यात त्याहून जास्त ठेवलेले बरे.

खाडीकाठच्या कोळीवाड्यांचा प्रश्न आणखी निराळा. भूजल इतके वर असते की खड्डा खणला तर त्यात आधीच पाणी. भरतीला ते आणखी चढते. गल्ल्या अरुंद, घरे खेटून. शिवाय मासळी धुतल्या-साफ केल्याचे पाणी प्रथिने आणि तेल यांनी भरलेले असते, त्यामुळे बीओडी वाढते, अमोनिया वाढतो. अशा वस्तीत घरटी शोषखड्डा हा उपाय नव्हे. तिथे अनेक घरांना मिळून जमिनीत न पाझरणारी टाकी आणि तिच्यापुढे जमिनीच्या वर बांधलेला वाफा, किंवा मुख्य गटाराला जोडणी, हेच मार्ग उरतात. मुंबईत सांडपाणी प्रक्रियेच्या सात नव्या केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. त्यांची एकूण क्षमता रोज सुमारे २,४६४ दशलक्ष लिटर धरलेली आहे. परंतु केंद्र कितीही मोठे असले तरी जे पाणी गटाराच्या नळापर्यंत पोहोचतच नाही, ते त्याच्या उपयोगाचे नाही. ते नाल्यातून थेट खाडीत जाते.

टाकीत कोणी उतरू नये

ज्या वायूवर इंजिन चालते, तोच वायू माणसाचा जीव घेतो. टाकीचे झाकण उघडले की आत ऑक्सिजन अत्यल्प असतो. मिथेनला वास नसतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की ठिणगी पुरते. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाला तो कळेनासा होतो. 'वास गेला, आता उतरायला हरकत नाही' असे वाटते तो क्षण सर्वांत धोक्याचा. एक माणूस आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. अशा बातम्या अजूनही वाचाव्या लागतात.

सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकी दर दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसावी, उपसलेला गाळ ओढ्यात न टाकता प्रक्रियेला न्यावा. नवी टाकी बांधतानाच उपसणारी गाडी तिथपर्यंत येईल का, हे पाहावे. हा वायू नुसता हवेत सोडणेही बरे नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. तो जाळून वापरला तर इंधनही मिळते आणि हा त्रासही घटतो.

वर्गात करता येईल असा प्रयोग

सांडपाणी वर्गात आणू नये. त्याऐवजी तांदळाचे धुवण घ्यावे. ते एक दिवस उघडे ठेवले की त्यात भरपूर जीवाणू वाढतात.

बूच असलेल्या तीन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. पहिलीत नळाचे पाणी, दुसरीत कालचे धुवण, तिसरीत तेच धुवण दहापट पाणी घालून काठोकाठ भरा. प्रत्येकीत मिथिलिन ब्लूच्या सौम्य द्रावणाचे सारखे थेंब टाका, इतके की फिकट निळा रंग यावा. बूच घट्ट लावून सावलीत ठेवा आणि दर अर्ध्या तासाने रंग पाहा. ऑक्सिजन संपत आला की जीवाणू या रंगद्रव्यातील ऑक्सिश्रित रूप बदलून त्याला रंगहीन करतात. घाण जितकी जास्त, तितका निळा रंग लवकर जातो. रंग गेलेल्या बाटलीतले थोडे पाणी ओतून टाका, बूच लावून जोराने हलवा. हवेतला ऑक्सिजन मिसळताच निळा रंग परत दिसू लागेल. हे काम जीवाणूंचेच कशावरून? चौथ्या बाटलीत धुवण उकळून, थंड करून, हवेत चांगले घुसळून भरा आणि तुलना करा.

पुढचा भाग थोडा सबुरीचा आहे. खाली भोक असलेल्या कुंडीत तळाला खडी, वर धुतलेली वाळू भरून कर्दळ लावा. रोज थोडे धुवण त्यात ओता. पहिल्या दिवशी खालून आलेल्या पाण्याची मिथिलिन ब्लूची चाचणी घ्या. तीन आठवड्यांनी पुन्हा घ्या. वाळू तीच, कर्दळ तीच. रंग टिकण्याच्या वेळात फरक पडला तर तो का पडला असेल, हे विद्यार्थ्यांना विचारा. वाळूवर जीवाणूंचा थर जमायला वेळ लागतो, हे उत्तर त्यांच्याच तोंडून यायला हवे.

माटुंग्याच्या आश्रमातली माणसे समाजाने बाजूला काढलेली होती. आज बहुऔषधी उपचारांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि त्या विलगीकरणाची गरज उरलेली नाही. तिथल्या टाकीची गरज मात्र जिथे गटार पोहोचलेले नाही त्या प्रत्येक वस्तीला आहे. आपल्या शाळेपासूनच सुरुवात करता येईल. शौचालयाचे पाणी टाकीतून बाहेर पडल्यावर नेमके कुठे जाते? टाकी शेवटची कधी आणि कशी उपसली? सर्वांत जवळची विहीर किती पावलांवर आहे आणि जमिनीचा उतार कोणत्या बाजूला? आठवी-नववीच्या मुलामुलींना एका दुपारी मोजपट्टी आणि वही घेऊन हा नकाशा काढता येईल. काढलेला नकाशा मुख्याध्यापकांमार्फत ग्रामपंचायतीला किंवा वॉर्ड ऑफिसला जरूर द्यावा.